पायऱ्यांखालचं पाणी

६ फेब्रुवारी

आठ! पाच दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवलेली बाटली आज उघडली आणि पाण्यातल्या घाणीचा आकडा आला आठ. कायद्याने तीसपर्यंत चालतो. म्हणजे अख्ख्या शहराने संडासात, मोरीत, गटारात जे जे ओतलं, ते आमच्या टाक्यांतून फिरून नदीत पडताना एवढं स्वच्छ. साहेबांनी मुख्य कार्यालयाचं पत्र वाचून दाखवलं — ‘प्रयोगशाळेचे निष्कर्ष सातत्याने उत्तम.’ माझ्याकडे न बघता वाचलं. कौतुक करताना यांचे दात दुखतात की काय कोण जाणे.

पण आकडे माझे आहेत. मी इथे आले त्या वर्षी सोळा-सतरा यायचे. वर्षभरात आठवर आणले! बारा वर्षांत एकही आकडा मनाने लिहिला नाही. इतर केंद्रांत महिनाअखेरीला चहा पीत पीत रकाने भरतात, ते माहीत आहे मला. मी बाटली सांगेल तेच लिहिते. माझ्यावर नाकाने कांदे सोलते असं म्हणतात लोक. म्हणोत.

दुपारी चिमीचा फोन. भाची कसली, माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली पोर. सातवा लागलाय. उकळलेल्या पाण्याची चव सहन होत नाही, घोट घेतला की उलटी. “मावशी, विहिरीचं तसंच प्यायलं तर?” ताईच्या वस्तीला नदीकाठच्या विहिरीचं पाणी, आमच्या खाली बारा किलोमीटरवर. म्हटलं, अगं, पी खुशाल. तुमच्या विहिरीत झिरपतं ते नदीचं, आणि नदीत जातं ते माझ्या नजरेखालून. रोज बघते मी.

“मग तुझ्या नावाने पिते,” म्हणाली. हसत होती. खूप दिवसांनी हसली.

१० फेब्रुवारी

सात.

१७ फेब्रुवारी

ब्लोअरवाला आज पुन्हा दारात. हातात तेच जुनं पत्र. टाक्यांत हवा सोडणारी तीन यंत्रं आहेत, त्यातली दोन बंद पडून पावणेदोन वर्षं झाली. त्याने नव्या भागांची मागणी पाठवली, वरून उत्तर आलं — ‘निष्कर्ष समाधानकारक असल्याने तूर्त आवश्यकता नाही.’ खाली जोडपत्र म्हणून माझेच आकडे.

म्हणाला, मॅडम, टाकीत हवा नाही. घाण खाणारे ते जीव गुदमरून मेलेत. पूर्वी टाकी चहाच्या रंगाची असायची, आता काळी पडलीय, वास येतो. मी रजिस्टर उघडून दाखवलं. सात. आठ. सात. त्याने आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “तुमचे आकडे बघून मला माझंच नाक खोटं वाटायला लागलंय.”

मला जरा हसूच आलं. कागद एक सांगतो आणि नाक दुसरं, तर विज्ञानाने कागदाचं ऐकायचं असतं, असं काहीतरी बोलले मी त्याला. वर तोऱ्यात. मुख्य कार्यालयातल्या लोकांना मात्र मनातल्या मनात शिव्या घातल्या — एकदा येऊन टाकी बघायला काय होतं? उंटावरून शेळ्या हाकतात मेले.

२२ फेब्रुवारी

बाटलीकाका जूनमध्ये निवृत्त होणार. अकरा वर्षं झाली, सकाळी दहा म्हणजे दहा, बाटली माझ्या टेबलावर. पाणी जिथे नदीत पडतं तिथे जायला चौऱ्याण्णव पायऱ्या उतरायच्या, बाटली भरायची, पुन्हा चढायच्या. गुडघे गेलेत बिचाऱ्यांचे, सपाट फरशीवरही लंगडतात. पण बाटली आणताना कधी धाप लागलेली पाहिली नाही. काटक माणूस!

निरोपाला काय द्यावं? चांगली चप्पल देऊ.

२ मार्च

आईने बाळाचं टोपडं विणून संपवलं. माझ्या डोक्यात बसेल एवढं मोठं. म्हटलं, आई, नातीला बाळ होणार आहे की पैलवान? ऐकू येत नाही तेव्हा तिचं बरं असतं. “हो, हो, लोकर चांगली आहे,” म्हणाली.

१३ मार्च

ताईचा फोन. वस्तीत कावीळ. आठवड्यात चौदा जण. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, पाण्यातून आलीय, वर नदीत काय सोडतात ते बघायला हवं.

मी ताईवर भडकले. डॉक्टरवर भडकायचं ते तिच्यावर. वर नदीत मी सोडते, म्हटलं, आणि मी काय सोडते ते मला माहीत आहे. कुठल्यातरी घरची पाइप फुटली असेल, नाहीतर टाकी कुणी धुतली नसेल. ताई माझ्याशी वाद घालत नाही. लहानपणापासून ‘ती शिकलेली आहे’ म्हणून सोडून देते.

१५ मार्च

त्या डॉक्टरांचाच फोन आला. सभ्य माणूस. आकडे मागितले. मी तीन महिन्यांची पानं तासाभरात पाठवली, सही-शिक्क्यासकट. संध्याकाळी उलट फोन — आकडे इतके चांगले असतील तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. उद्यापासून ते वस्तीतल्या पाइपा उकरणार.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, लिहून ठेवते.

१८ मार्च

चिमीचे डोळे पिवळे झालेत.

१९ मार्च

जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलंय. रजा टाकून गेले. खोलीत चार खाटा, खिडकीला पडदा नाही, ऊन सरळ तिच्या तोंडावर. त्या उन्हात ती आणखीच पिवळी दिसत होती. पोट केवढं आलंय! मला बघून म्हणाली, “मावशी, आता मला कुठलाच रंग शोभणार नाही, सगळ्याशी भांडतो हा.” मी हसले. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

डॉक्टरीण तरुण आहे, स्पष्ट बोलते. म्हणाली, इतरांना ही कावीळ महिनाभर लोळवते आणि सोडते. शेवटच्या महिन्यांतल्या बाईला मात्र यकृतावर धरते. काही वाचतात. कुठून येते, मी विचारलं. मला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या तोंडून ऐकायचं होतं बहुतेक. “मैल्यातून पाण्यात, पाण्यातून पोटात. महिना-दीड महिन्यापूर्वी जे पाणी प्यायली असेल ते.”

येताना बसमध्ये बोटं मोजली. सहा फेब्रुवारीपासून आज एकेचाळीस दिवस.

आणि वस्तीच्या वर, बारा किलोमीटरमध्ये, आमच्याशिवाय दुसरं एकही तोंड नदीत उघडत नाही. हे मला अकरा-बारा वर्षं माहीत आहे.

२१ मार्च

बाटलीकाका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस रजेवर. बदली माणूस नाही. म्हटलं, मीच जाते. एकदा डोळ्यांनी बघून यावं म्हणजे मनातली पाल चुकचुकायची थांबेल.

चौऱ्याण्णव पायऱ्या. वीस-पंचवीस उतरले आणि थांबले. पायऱ्यांवर गवत उगवलंय. फटींतून नव्हे, मधोमध, गुडघ्याएवढं, न तुडवलेलं. त्याच्या खालच्या पायरीवर शेवाळ, त्यावर एकही पाऊल नाही. रोज सकाळी दहाला माणूस जिथून उतरतो आणि चढतो, त्या वाटेवर गवत!

पुढचं लिहवत नाही. पण लिहिते. कठड्याला धरून घसरत उतरले. वास आधी आला. मग दिसलं — करडं, जाड पाणी, वर मळकट फेसाचे ढीग, पाइपच्या तोंडातून धपधप नदीत पडतंय. मार्चची नदी ती, तिच्यात तिचं स्वतःचं पाणी असं राहिलेलंच नाही. खाली जे वाहत होतं ते सगळं आमचंच होतं. बाटली भरली. तळाशी काळा गाळ बसला. हात धुवायला पाणी शोधलं आणि मग कळलं, मी काय शोधतेय.

तिथूनच ताईला फोन केला. वस्तीत सगळ्यांना सांग, उकळल्याशिवाय थेंब पिऊ नका. आत्ता सांग. ताई म्हणाली, “अगं, पण तूच तर...”

“आमचं एक यंत्र बिघडलंय,” मी म्हटलं. कधी बिघडलं, ते नाही सांगितलं.

त्या डॉक्टरांनाही कळवलं. ते म्हणाले, “पाइपांमागे आमचे पाच दिवस गेले,” एवढंच.

त्यातलं थोडं तपासणीच्या बाटल्यांत भरून कपाटात ठेवलं. डोळ्यांना दिसलं ते पुरेसं होतं खरं तर. पण मला आकडा हवा. मला दुसरं काही येत नाही.

२३ मार्च

काका आले. काळा चष्मा, त्याखाली पट्टी. दहाच्या ठोक्याला बाटली टेबलावर. काचेसारखं पाणी. मी माझ्या उरलेल्या काळ्या पाण्याची बाटली तिच्या शेजारी ठेवली. विचारलं, काका, ही तुमची कुठली?

खोटं बोलले नाहीत. “बागेच्या टाकीतली.”

बागेची टाकी! प्रयोगशाळेच्या मागे वीस पावलांवर. थोडंसं पाणी वेगळं काढून, वाळूतून गाळून, औषध घालून झाडांसाठी ठेवतात ती. साऱ्या शहराच्या पाण्यात ते मूठभरही नाही. त्या टाकीचा नळ. म्हणून धाप नाही. म्हणून आठ!

किती दिवस चाललंय हे? तर म्हणाले, “पहिल्यापासूनच, मॅडम.” आणि माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू हे मलाही माहीत असायला हवं. मग हळू आवाजात — “तुम्हाला असंच हवंय असं वाटलं.”

मला? मला असं हवंय? काय काय बोलले मी. गुडघे दुखत होते तर सांगायचं होतं, कामचुकार, बेइमान, माझी पोर तिकडे मरायला टेकलीय. ब्लोअरवाला धावत आला. काका उभेच. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते. शेवटी म्हणाले, “चुकलं माझं.” आणि बाटली उचलून ओतून टाकली, विसळून जागेवर पालथी ठेवली. सवयीने.

२४ मार्च

चिमी झोपेत बडबडते. ताईला ओळखलं नाही म्हणे दुपारी.

२६ मार्च

पायऱ्यांखालचं पाणी तीन प्रमाणांत पातळ करून ठेवलं होतं. दोन बाटल्यांत प्राणवायू शून्य — म्हणजे एवढी घाण की मोजताच येत नाही. तिसरीने आकडा दिला. एकशे अठरा.

रजिस्टरात लिहिला. वरच्या ओळीत आठ, त्याच्या वर सात. माझंच टपोरं अक्षर. अकरा वर्षं मी एका बागेच्या टाकीची तपासणी केली. अगदी प्रामाणिकपणे.

ब्लोअरवाल्याला दाखवलं. म्हणाला, नाक बरोबर होतं तर. आणि निघून गेला.

२७ मार्च

साहेबांकडे गेले. रजिस्टर समोर ठेवलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग, काय सांगावं, सैलावला. सुटकेची वाट दिसली त्यांना. म्हणजे नमुने भरणाऱ्याने फसवलं, म्हणाले. केंद्राला, प्रयोगशाळेला, सगळ्यांनाच. तुम्ही लेखी तक्रार द्या, बाकी मी बघतो.

तक्रार मी दिली. कुणी हात धरून लिहून घेतली नाही. एका बैठकीत, न थांबता, दीड पान. ‘माझ्या नकळत’ हे शब्द तीनदा आलेत. लिहिताना हलकं वाटत होतं.

२९ मार्च

चौकशी. लांब टेबल, पंखा किर्र किर्र, पलीकडे तीन माणसं. काका खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. नमुना वर्षानुवर्षं चुकीच्या जागेवरून भरला, मान्य आहे? मान्य. पायऱ्या टाळायला? गप्प. कुणाच्या सांगण्यावरून?

तिथे त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. पट्टी निघालीय, चष्माही नव्हता. डोळ्यातून पाणी येत होतं, ऑपरेशनचं असेल.

“कुणाच्याच नाही,” म्हणाले.

मला वाटलं, माफी मागतायत नजरेने. मी मान फिरवली. निलंबन. निवृत्तीला अडीच महिने राहिले असताना. पेन्शनचं पुढे बघू, असं कुणीतरी म्हणालं. बाहेर पडताना त्यांना उंबऱ्याची ठेच लागली. कुणीच सावरलं नाही. मी सगळ्यांत जवळ होते.

३० मार्च

चिमीला मुलगी झाली. चौतिसाव्या आठवड्यात. दीड किलो आणि थोडी. काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टरीण म्हणाली, पाच दिवस काढले तर आशा आहे. पाच दिवस! कपाट, काच, तापमान, पाच दिवस — माझा जन्म त्यात गेला आणि आज मी काचेला हात टेकून देवाची करुणा भाकत होते.

चिमी शुद्धीवर नाही. तिला माहीतच नाही मुलगी झाली ते.

१ एप्रिल

चिमी गेली. सकाळी अकरा वीसला.

३ एप्रिल

वस्तीत आणखी दोघं गेली. एक म्हातारे, एक तेविशीतली, तीही पोटुशी. ती चिमीच्या दोन दारं पलीकडची. तिलाही चिमीने सांगितलं होतं — मावशी म्हणते प्यायला हरकत नाही.

आईने टोपडं उसवलं, लोकरीचा गुंडा केला, आणि पुन्हा विणायला घेतलं. या वेळी लिंबाएवढं.

ताईच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले. मी! तिची पोर गेली आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवतेय. “तू तरी काय करणार, तुला त्या माणसाने फसवलं,” म्हणाली. साहेबांनी वर्तमानपत्राला दिलेलं तिने वाचलंय. मी ‘हो’ म्हटलं.

५ एप्रिल

बाळाने पाच दिवस काढले.

केंद्रावर ब्लोअरचे दोन कारागीर सकाळपासून खपतायत. पावणेदोन वर्षांत जे झालं नाही ते एका आकड्याने आठवड्यात झालं. दुपारी तिन्ही यंत्रं सुरू झाली, फरशी थरथरायला लागली. ब्लोअरवाला मला टाकीच्या कडेला घेऊन गेला. अजून काळंच आहे सगळं. म्हणाला, तीन आठवडे लागतील, जीव पुन्हा धरायला. मग चहाचा रंग येईल. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काका आले होते, कपाटातला डबा आणि जुनी चप्पल न्यायला. माझ्या दारात थांबले. “पोरीचं ऐकलं,” म्हणाले. मी रजिस्टरातून मान वर केली नाही. बराच वेळ त्यांची सावली फरशीवर होती. मग पाय ओढत गेल्याचा आवाज.

त्या पायऱ्या आता मी उतरते रोज. परवा गवत कापून घेतलं.

६ एप्रिल

ताईचा फोन. बाळाला डब्याचं दूध सुरू करायला सांगितलंय. दूध पावडरचं, पाण्यात कालवायचं.

“कुठलं पाणी घेऊ?” ताईने विचारलं. डॉक्टरिणीने उकळून गार केलेलं सांगितलंय, विकतच्या बाटलीचं चालेल असंही कुणी म्हणालं. पण ताईचं ठरलेलं. “तू सांगशील तेच घेईन. तू बघतेस ना रोज.”

मी सांगितलं. वीस मिनिटं उकळ, झाकून गार कर, भांडंही उकळ. आवाज स्थिर होता माझा. तिने सगळं पाठ केल्यासारखं परत म्हणून दाखवलं.

ताईला सगळं सांगायला हवं. बारा वर्षांत मी एकदाही खाली गेले नाही, नुसती बाटलीवर सही करत राहिले — उंटावरून शेळ्या मीच हाकल्या. तो म्हातारा कामचुकार खरा, पण मी तरी कोण? मुख्य कार्यालयाने लेखी जबाब मागितलाय, त्यात लिहीन हे. तक्रारीत नव्हतं लिहिलं. जबाबात लिहीन.

८ एप्रिल

मुख्य कार्यालयाचा प्रश्न क्रमांक चार — ‘नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी आपण स्वतः नमुना शेवटचा कधी घेतला, दिनांक द्यावा.’ म्हणून कपाटाच्या तळाच्या जुन्या रोजनिश्या काढल्या. अकरा वर्षांपूर्वीची सापडली. माझंच अक्षर:

‘आज तपासणीची माणसं येणार आणि नेमकी मोठी टाकी सफाईला काढलेली, खाली पाणी गढूळ. कालच रुजू झालेला नमुनेवाला पायऱ्या उतरायला निघालाच होता. थांबवलं. म्हटलं, काका, खाली नका जाऊ, मागच्या बागेच्या टाकीतलं आणा. आणलं. बाटली काचेसारखी! साहेब खूष. माणूस चांगला दिसतो, सांगितलं तेवढंच करतो, उलट प्रश्न नाही. हुश्श.’

पुढचं पान उलटलं. मग सगळा महिना, मग सगळं वर्ष. ‘उद्यापासून पुन्हा खालचं आणा’ असं मी त्यांना सांगितल्याचं कुठेच नाही.